धाराशिवच्या वाटेवरील दिवे

सोलापूर मागें टाकून उत्तरेस निघालें, म्हणजे तुळजापूरपर्यंतचा सुमारें ४५ किलोमीटरांचा रस्ता दिवसा जाणारास फारसा मनोहर वाटत नाहीं. काळी जमीन, मधूनमधून उघडा माळ, ज्वारी-हरभऱ्याचीं शेतें आणि समोर बालाघाटाची सपाट माथ्याची निळसर ओळ, एवढाच काय तो देखावा. परंतु अंधार पडल्यावर याच रस्त्याचें रूप पालटतें. घाटाच्या अंगावर दिव्यांच्या दोन माळा हालूं लागतात. उतरणारी पांढरी, चढणारी तांबडी. दुरून पाहणारास ही दिवाळीच वाटावी. पण त्या पांढऱ्या माळेंतील एकेक मणि जसजसा जवळ येऊं लागतो, तसतशी शोभा सरते आणि पीडा सुरू होते. आपल्या भाषेंत ‘डोळे दिपणें’ हा प्रयोग कौतुकानेंहि होतो व त्रासानेंहि होतो. वैभव पाहून डोळे दिपले तर मनुष्य सुखावतो. मोटारीच्या दिव्यानें दिपले तर क्षणभर त्यास रस्ताच नाहींसा होतो. या दुसऱ्या दिपण्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ घरांची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी आहे. घरांत लग्न झालें, मुंज झाली, कीं सर्व मंडळी एका मोटारींत दाटीनें बसून देवीस निघते, आणि दर्शन-अभिषेक आटोपून परततांना हटकून रात्र होते. गेल्या पौषांत शाकंभरी नवरात्राच्या दिवसांत आम्हीहि असेच सात जण निघालों होतों. तुळजापूर, धाराशिव, येडशी व तेथून कळंबच्या अंगाचीं खेडीं असा तीन रात्रींचा प्रवास घडला. गाडी आमचा पुतण्या हांकीत होता. त्याच्या शेजारीं बसून जें पाहिलें, आणि वाटेंत जाणत्यांस विचारून जें कळलें, तें येथें देत आहों.

आधीं रस्त्याविषयीं सांगितलें पाहिजे. धुळ्याहून छत्रपति संभाजीनगर, बीड, येडशी, धाराशिव व तुळजापूर यांवरून सोलापुरास येणारा हा राष्ट्रीय महामार्ग पूर्वीं २११ या क्रमांकानें ओळखला जाई. हल्लीं त्याचा क्रमांक ५२ आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून, नळदुर्ग व उमरगा यांवरून, पुण्याचा हैदराबादेस जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग जातो. रस्ता चौपदरी झाला म्हणजे येणारी व जाणारी वाहनें निरनिराळ्या अंगांनीं चालतात, आणि दोहोंमधील दुभाजकांत कण्हेर, बोगनवेल यांसारखीं झुडपें लावितात. पुष्कळांस वाटतें कीं हीं केवळ शोभेसाठीं आहेत. वास्तविक समोरच्या वाहनाचा झोत आपल्या डोळ्यांवर येऊं नये, हा त्यांचा मुख्य उपयोग होय. कण्हेर विषारी असल्यामुळें तिला गुरें तोंड लावीत नाहींत, आणि पाणी थोडें मिळालें तरी ती तग धरते. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या जिल्ह्यास तें झाड मानवतें. जेथें ही कुंपणी दाट वाढली आहे तेथें रात्रींचा प्रवास सुखाचा होतो. जेथें ती वाळून मोकळी पडली आहे, तेथें प्रत्येक फटींतून एक झोत येतो आणि डोळ्यांची उघडझांप होऊन जीव मेटाकुटीस येतो.

तुळजापूर हें बालाघाटाच्या कडेवर वसलेलें आहे. घाट लागला म्हणजे दिव्यांची दुसरी एक खोडी ध्यानांत येते. सपाट जमिनीवर ज्या गाडीचा उजेड नीट खालीं राहतो, तिचें तोंड चढावर वर होतें आणि झोतहि तिच्याबरोबर वर चढतो. वळणावर तोच झोत समोरच्याच्या तोंडावरून पाखडल्यासारखा फिरतो. यांत चालकाचा कांहीं अपराध नसतो. म्हणूनच घाटांत, रस्ता मोकळा दिसला तरी, वेग आवरणें हें शहाणपणाचें.

पण सर्वच दिपणें असें निरपराध नसतें. घाटाखालीं दुभाजक नसलेल्या एका तुकड्यावर समोरून एक मालमोटार आली. मूळच्या दोन दिव्यांवर आणखी चार दिवे तिच्या कपाळीं बसविलेले होते, आणि सर्व एकदम पेटलेले. आमच्या पुतण्यानें दोनदा डिप्पर देऊन विनंती केली. तिकडून उत्तर नाहीं. तेव्हां तो चिडून म्हणाला, “काका, तो डिप्पर देत नाहीं, मग मींच कां द्यावा? त्यालाहि कळूं दे डोळे दिपतात म्हणजे काय होतें तें.” आम्हीं म्हटलें, “अरे बाबा, त्याच्या डोळ्यांपुढें अंधारी आणलीस, तर तो येणार कोणाच्या अंगावर? आपल्याच ना?” त्यानें दिवा खालीं केला, वेग कमी केला, आणि ती मालमोटार गडगडत निघून गेली.

हा हिशेब प्रत्येक चालकानें एकदां मनाशीं करून ठेवावा असा आहे. ताशी ८० किलोमीटरांच्या वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २२ मीटर पुढें जाते. समोरचीहि तितक्याच वेगानें येत असेल, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदास ४४ मीटरांनीं घटतें. झोत डोळ्यांवरून निघून गेल्यावर दृष्टि ठिकाणावर येण्यास दोन-तीन सेकंद लागले, तर तेवढ्या वेळांत गाडी ४५ ते ६५ मीटर वाट अंधळेपणानें चालून जाते. एक चालक अंधळा झाला असतां दुसऱ्यानें सूड म्हणून त्यास आणखी अंधळें करावें, यांत पुरुषार्थ कोणता? दोघांपैकीं एक तरी पाहणारा राहिला, तर दोघेहि वांचतात.

डोळा दिपतो म्हणजे काय होतें, हें समजून घेण्यासारखें आहे. नेत्रशास्त्र सांगतें कीं दृष्टिपटलावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भर उजेडांत काम करितात व रंग दाखवितात. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद उजेडांत काम करितात. दंडपेशींत एक नाजूक रंगद्रव्य असतें. तें प्रखर प्रकाशानें विरून जातें आणि अंधारांत हळूहळू पुन्हां जमतें. पुरतें जमण्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. शिवाय प्रखर किरण डोळ्यांत शिरतात तेव्हां बुबुळावरील पारदर्शक पडदा व आंतील भिंग यांत ते थोडे विखुरतात, आणि दृष्टिपटलावर उजेडाचें एक धुकें पसरतें. त्या धुक्याआड रस्त्यावरील अंधुक वस्तु बुडून जातात. वय वाढतें तसें भिंग गढूळ होतें. मोतीबिंदूचा आरंभ झाला असेल तर हें विखुरणें फारच वाढतें. विशींतील मनुष्याच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोंचतो, त्याचा सुमारें एक तृतीयांशच साठींतील मनुष्याच्या दृष्टिपटलावर पोंचतो. म्हणजे वृद्धास पाहण्यासाठीं उजेड अधिक हवा, आणि तोच उजेड समोरून आला तर पीडाहि त्यासच अधिक. आमच्या वयाच्या मंडळींस रात्रीं गाडी हांकवत नाहीं, यास भित्रेपणा म्हणणें न्याय्य नव्हे.

ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांच्या नजरेंतून सुटली नव्हती. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांतील सातव्या कारिकेंत, वस्तु असूनहि ती प्रत्ययास न येण्याचीं आठ कारणें सांगितलीं आहेत. ती फार दूर असते, फार जवळ असते, इंद्रियास इजा झालेली असते, मन ठिकाणावर नसतें, वस्तु अति सूक्ष्म असते, मध्यें आड कांहीं असतें, सारख्याच वस्तूंत ती मिसळलेली असते. आणि आणखी एक कारण म्हणजे अभिभव, अर्थात् प्रबळानें दुर्बळास झांकून टाकणें. सूर्यतेजांत तारे दिसत नाहींत हें याचें नेहमींचें उदाहरण. दिवसा तारे आकाशांतच असतात. फक्त दिसत नाहींत. रात्रीच्या रस्त्यावर या उदाहरणास करुण अर्थ येतो. समोरच्या झोतामागें एखादा पादचारी, एखादी सायकल, एखादी बैलगाडी असते; फक्त दिसत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं धाराशिवांत गाडीचे दिवे तपासून घेण्याकरितां आम्ही एका मिस्त्रीकडे गेलों. त्यानें सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून खालचा दिवा लाविला. भिंतीवर उजेडाची स्वच्छ आडवी कड उमटली. तिच्या वर काळोख, खालीं प्रकाश. डाव्या बाजूस मात्र ती कड थोडी वर चढलेली होती. आपण रस्त्याच्या डाव्या अंगानें चालतों. तेव्हां डाव्या कडेचा माणूस, दगड, मैलाचा खांब दूरवरून दिसावा, आणि उजवीकडून येणाराच्या डोळ्यांत उजेड जाऊं नये, अशी ही योजना. नंतर त्यानें आमच्यापैकीं तिघांस मागल्या बाकावर बसविलें आणि सामानाच्या पेट्या मागें ठेविल्या. गाडीची पाठ दबली, तोंड वर झालें आणि भिंतीवरील कड वीतभर वर सरकली! मिस्त्री हंसून म्हणाला, “देवीला निघालेली प्रत्येक गाडी अशीच असते, गुरुजी. आंत बसलेल्यांना त्याचा पत्ताहि नसतो.” मग त्यानें सुकाणूच्या बाजूची एक लहान चक्री दाखविली. तिच्यावर ०, १, २, ३ असे आंकडे होते. शून्यावरून ती पुढें फिरवितांच कड पुन्हां जागेवर आली. पुतण्या चार वर्षें ही गाडी वापरीत आहे; ती चक्री कशासाठीं आहे हें त्यास त्या दिवशीं कळलें.

दिव्याच्या गोळ्याचा भेदहि त्यानें समजावून दिला. पुष्कळ गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजनचा गोळा असतो. त्यांत दोन तारा असतात. एक दूरच्या उजेडाची, ६० वॉटची, दुसरी जवळच्या उजेडाची, ५५ वॉटची. जवळच्या तारेखालीं धातूची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळें त्या तारेचा उजेड परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तेथून परतून रस्त्याकडे खालीं वळतो. सर्व कौशल्य त्या वाटीच्या व तारेच्या नेमक्या जागेंत आहे. तो गोळा काढून त्या ठिकाणीं बाजारांतला भलताच एलईडीचा गोळा बसविला, म्हणजे प्रकाशाचें उगमस्थान बदलतें, कड मोडते आणि उजेड चोहोंकडे उधळतो. चालकास वाटतें, केवढा लख्ख दिवा मिळाला! प्रत्यक्षांत त्यांतला बराच उजेड रस्त्यावर न पडतां झाडांच्या शेंड्यांवर व समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनचा उजेड पिवळसर असतो, एलईडीचा बहुधा निळसर पांढरा; आणि निळसर उजेड समोरून आला असतां डोळ्यांस अधिक बोंचतो. याचा अर्थ एलईडी वाईट असा नव्हे. २००७ पासून मोटारींचे मुख्य दिवे एलईडीचे होऊं लागले. कारखान्यांतून जे दिवे त्या दृष्टीनेंच घडवून येतात, त्यांची कडहि रेखीव असते. दोष तेजाचा कमी, दिशेचा अधिक. आमच्या तरुणपणीं मोटारींच्या दिव्यांवर मध्यभागीं काळा ठिपका दिलेला किंवा वरचा भाग काळ्या रंगानें झांकलेला दिसे. उपाय ओबडधोबड होता, परंतु दिवा आपला असला तरी डोळा दुसऱ्याचा आहे, एवढें भान त्यांत होतें.

कायद्यानें हें भान अक्षरांत उतरविलें आहे. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९, यांतील १०६ वा नियम या दिपण्याविषयींच आहे. दिव्यापासून पुढें ८ मीटरांवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्यास न दिपवील असा झोत खालीं वळविलेला असावा, किंवा चालकास तो तसा वळवितां यावा, असा त्याचा आशय आहे. दीड मीटर म्हणजे रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या साधारण माणसाच्या डोळ्यांची उंची. तेव्हां हा नियम केवळ मोटारवाल्यास मोटारवाल्यापासून राखणारा नव्हे. पायीं चालणाराहि त्याच्या छायेंत येतो. २०१७ सालच्या वाहनचालनविषयक विनियमांतहि समोरून वाहन येत असतां वरचा दिवा न वापरण्यास सांगितलें आहे.

आणि या जिल्ह्यांत पायीं चालणारे थोडे नाहींत. आश्विनांतील नवरात्राच्या आरंभीं गांवोगांवचे तरुण तुळजापुरास येऊन भवानीची ज्योत पेटवून घेतात आणि ती हातांत घेऊन, पुष्कळदां अनवाणी, रात्रभर धांवत आपल्या गांवीं नेतात. आश्विनी पौर्णिमेस सोलापुराकडून लक्षावधि यात्रेकरू या रस्त्यानें पायीं तुळजापुरास येतात. बायका, म्हातारीं माणसें, कडेवर मुलें, सर्व रात्रीच चालत असतात. त्या रात्रीं वाहतूक दुसऱ्या मार्गानें वळविण्याची व्यवस्था केली जाते, तें योग्यच आहे. परंतु पुढल्या-मागल्या रात्रीं, आणि आडवाटांवर, त्यांचा राखणदार कोण? ज्योतीचा उजेड तो केवढा! धांवणाराच्या पावलापुरता. समोरून दोन प्रखर झोत आले, म्हणजे ती ज्योत व ती धरणारा हात, दोन्ही त्यांत बुडून जातात.

येडशीहून कळंबकडे जातांना आम्हांस याचा प्रत्यय आला. हा मांजरेच्या खोऱ्याचा प्रदेश; गाळपाच्या दिवसांत उसानें भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि ऊसतोड कुटुंबांच्या टायरगाड्या रात्रभर चालत असतात. समोरून एक जीप झोत उंचावून आली. पुतण्यानें रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवून गाडी अगदीं मंद केली. जीप गेली, डोळ्यांपुढील धुकें विरलें, आणि पुढें वीस-पंचवीस पावलांवर उसाची एक बैलगाडी उभी राहिल्यासारखी दिसली! मागें दिवा नाहीं, कांहीं नाहीं. उसाच्या मोळ्यांवर गोधडींत गुरफटलेलें एक मूल निजलें होतें. वेग आधींच कमी केला नसता, तर काय झालें असतें तें लिहवत नाहीं.

आम्ही उतरलों. गाडीवान खालीं येऊन ओशाळून म्हणाला, “कंदील व्हता दादा, परवा फुटला.” पूर्वीं प्रत्येक बैलगाडीच्या आंसाखालीं कंदील टांगलेला असे, आणि तेवढा मिणमिणता उजेड पुरे होई, कारण त्यास झांकणारें दुसरें तेज रस्त्यावर नसे. मिस्त्रीकडून घेतलेली तांबड्या चकाकत्या पट्टीची गुंडाळी पुतण्याजवळ होती. तिचे दोन तुकडे त्यानें गाडीच्या मागल्या लाकडास चिकटविले व दूर जाऊन आपल्या गाडीचा खालचा दिवा लावून पाहिला. दोन निखारे फुलल्यासारखे दिसले. या पट्टींत बारीक कांचमणि किंवा कोन बसविलेले असतात, आणि उजेड ज्या दिशेनें येतो त्याच दिशेस ते तो परत पाठवितात. ना तेल, ना वीज. गाळपाच्या आरंभीं ट्रॉल्यांस व गाड्यांस अशा पट्ट्या किंवा असें कापड लावण्याची मोहीम निघते. ती शेवटच्या गाडीपर्यंत पोंचली पाहिजे. ज्या रस्त्यावर मागल्या गाडीस अशी पट्टी आहे, त्या रस्त्यावर खालचा दिवा पुरतो. आणि जेथें खालचा दिवा पुरतो, तेथें कोणाचे डोळे दिपविण्याचें कारणच उरत नाहीं.

आतां घरांतल्या घरांत काय करतां येईल तें सांगून हें टिपण पुरें करितों. प्रवासास निघण्यापूर्वीं पुढली कांच आंतून व बाहेरून, तसाच चष्मा, स्वच्छ पुसावा. कांचेवरील ओरखडे व तेलकटपणा एका दिव्याचे दहा दिवे करितात. गाडीच्या आंतील दिवा मालवावा. पाठीमागील गाडीचा झोत आरशांतून येत असेल, तर आरशाखालची कळ दाबून तो तिरका करावा. समोरून झोत आला असतां त्याकडे न पाहतां डाव्या कडेच्या रेघेकडे पाहावें आणि वेग कमी करावा. आपला दिवा समोरच्याची वाट न पाहतां आधींच खालीं करावा. दुचाकींचे दिवे तर १ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या गाड्यांत सदाच पेटलेले असतात. त्यांची दिशा तपासून घेणें मुलांस शिकवावें, कारण घरोघरीं त्याच गाड्या अधिक. साठी उलटलेल्यांनीं दरवर्षीं डोळे तपासून घ्यावे, आणि मोतीबिंदु पिकेपर्यंत थांबण्याची जुनी समजूत सोडावी. बाजारांतून अधिक लख्ख गोळा आणण्याचा आग्रह घरांतील तरुणांनीं धरिला, तर त्यांस भिंतीसमोर नेऊन उजेडाची कड दाखवावी. उपदेशापेक्षां भिंत लौकर पटवून देते, असा आमचा अनुभव आहे.

मालमोटारींच्या पाठीवर रात्रीं डिप्पर वापरण्याची विनंती रंगविलेली आपण सर्वांनीं वाचली आहे. दोन गाड्या काळोखांत समोरासमोर येतात, दोघेहि क्षणभर दिवा खालीं करितात आणि परस्परांस न ओळखतां निघून जातात. एवढ्या रीतीवर त्या दोन गाड्यांतील माणसांचे जीव सुखरूप राहतात. येत्या नवरात्रांत ज्यांस देवीस जावयाचें आहे, त्यांनीं त्यापूर्वीं एका सायंकाळीं सर्व मंडळी व सामान गाडींत बसवून ती एखाद्या भिंतीसमोर उभी करावी, आणि उजेडाची कड कोठें पडते तें पाहावें. चक्री फिरविण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.